इतिहास घेऊन काय करणार?

हा प्रश्न फक्त आपल्याच घरांत विचारतात असं नाही. १९७०नंतर अमेरिकेत इतिहासात पीएच.डी. केलेली मुलं ढिगानं होती आणि कॉलेजांत जागा नव्हत्या. कॅलिफोर्नियात सांता बार्बराच्या विद्यापीठात रॉबर्ट केली नावाचे प्राध्यापक होते. नदीचं पाणी, पूर यांवरून चालणाऱ्या दाव्यांत ते इतिहासाचे जाणकार म्हणून साक्ष देत. जुने कागद वाचणारा माणूस कोर्टाला लागतो, तर नगरपालिकेला, संग्रहालयाला का लागू नये? १९७६ साली त्यांनी त्यासाठी पदवीनंतरचा अभ्यासक्रम काढला आणि त्याला नाव पडलं पब्लिक हिस्टरी. म्हणजे वर्गाबाहेर, चार लोकांत वावरणारा इतिहास.

नाव तिकडचं, काम मात्र आपल्याकडे जुनंच. सयाजीराव महाराजांचं वडोदऱ्यातलं संग्रहालय १८९४चं. त्यांच्या नावाच्या विद्यापीठात १९५२पासून संग्रहालयशास्त्र शिकवतात. माझ्या भाचीला तिथंच जायचं आहे. घरात अर्थातच गहजब! "मावशी, तू तरी सांग ना आईला," म्हणाली. बहिणीचं म्हणणं असं, की दोन वर्षं परगावी राहून पोरगी शेवटी काचेच्या कपाटावरची धूळच पुसणार.

धूळ पुसणं हीसुद्धा तिथं शिकण्याची गोष्ट आहे, हे बहिणीला कोण सांगणार? ताडपत्र कसं हाताळायचं, कसर कशी रोखायची, वस्तूची नोंद कशी करायची, आणि शाळेच्या पोरांना कळेल अशी चार ओळींची पाटी कशी लिहायची. चार ओळींची पाटी सगळ्यांत अवघड, असं मला वाटतं. शिवाय अभिलेखागारं आहेत, शिलालेखांचे ठसे घेणं आहे, म्हाताऱ्या माणसांच्या आठवणी रेकॉर्ड करून नीट लावणं आहे. पगार? खोटं कशाला बोलू, सुरुवातीला बेताचाच, आणि पुष्कळदा काम कंत्राटी. सरकारी जागा निघायची वाट बघावी लागते. इंजिनिअर झालेल्या चुलतभावाशी तुलना करायची असेल तर विषयच सोडून द्यावा.

पण आपल्या बेळगावचंच बघा. किल्ल्यातल्या कमल बस्तीत आपण नेमिनाथांच्या दर्शनाला जातो, वर मान करून छताचं दगडी कमळ पाहतो आणि घरी येतो. रट्ट राजा चौथा कार्तवीर्य याच्या काळात, त्याचा मंत्री बीचिराज यानं इथं जिनालय बांधलं. त्याचे १२०४ सालचे दोन शिलालेख आहेत. जुन्या कन्नड लिपीतले. जिनालयाला कोणती जमीन दिली, बाजारातल्या व्यापाऱ्यांनी आपल्या मालातून काय द्यायचं ठरलं, सगळं त्यात आहे. म्हणजे आठशे वर्षांपूर्वीची आपली पेठच दगडावर कोरलेली. पण ते दगड किल्ल्यात नाहीत. लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. इंग्रज विद्वानांनी वाचले, छापले, आणि ते छापलेलं आपल्या बायकांपर्यंत कधी आलंच नाही.

दगड परत येतील न येतील. त्यांतला मजकूर सोप्या मराठीत आणि कन्नडमध्ये बस्तीपाशी लावता येईल, भाद्रपदात गर्दी असते तेव्हा कुणी उभं राहून सांगू शकेल. त्यासाठी हळेकन्नड शिकलेली, पाटी लिहायला शिकलेली पोर हवी. भाचीचा अर्ज मी भरून दिला आहे. पहिल्या वर्षाची फी माझ्या साठवणीतून जाईल. बहीण अजून माझ्याशी नीट बोलत नाही.