कोऱ्या चाचणीतले शिसे

प्रयोगवहीत आपण विद्यार्थ्यांना निरीक्षण आणि अनुमान लिहायला लावतो. ज्या भांड्यात प्रयोग केला त्यानेच उत्तरात काही भर घातली का, हे मात्र सहसा विचारत नाही. क्लेअर पॅटरसन या अमेरिकन भूरसायनशास्त्रज्ञांची सारी कारकीर्द या एका प्रश्नात गेली.

१९४८च्या सुमारास शिकागो विद्यापीठात ते झिरकॉन या खनिजाच्या बारीक कणांतले शिसे मोजत होते. युरेनियमचा ऱ्हास होत होत शेवटी शिसे उरते आणि दोहोंच्या प्रमाणावरून खडकाचे वय काढता येते. पण शिसे हवे त्यापेक्षा कितीतरी जास्त भरे. अशा वेळी 'कोरी चाचणी' करतात : नमुना घालायचाच नाही, बाकी सगळी कृती तशीच करायची. जे सापडेल ते आपले, खडकाचे नव्हे! शिसे धुळीत होते, आम्लात होते, नळाच्या पाण्यात होते, काम करणाऱ्याच्या केसांतही होते.

पुढे कॅलिफोर्नियातील कॅलटेक संस्थेत पॅटरसन यांनी गाळलेल्या हवेची, कमालीची स्वच्छ प्रयोगशाळा उभारली. अशनींतील शिशावरून त्यांनी १९५६ मध्ये पृथ्वीचे वय ४५५ कोटी वर्षे असल्याचे प्रसिद्ध केले. ती गोष्ट बहुतेकांना ठाऊक असते. आम्हांला त्यानंतरची अधिक मोलाची वाटते.

खडकांनंतर त्यांनी समुद्राचे पाणी, ग्रीनलंडचे बर्फ, जुनी हाडे असे नमुने तपासले. १९८० मध्ये डोरोथी सेटल यांच्यासह ते ट्यूना माशाकडे वळले (आपल्या कोकणातला कुपा याच कुळातला). दुसऱ्या एका प्रयोगशाळेने ताज्या माशाच्या मांसात अब्ज भागांत सुमारे ४०० भाग शिसे नोंदवले होते. या दोघांना सापडले ०.३ भाग. शिशाच्या डाखाने सांधलेल्या डब्यातील माशात १४०० भाग होते. आता गणित करून पाहू. ४०० हा पाया धरला, तर डब्याने शिसे साडेतीन पट वाढवले, एवढेच दिसते. ०.३ धरला, तर वाढ साडेचार हजार पटींहून अधिक!

त्याच लेखात एक अस्वस्थ करणारे विधान आहे. पेशींवर शिशाचा परिणाम पाहण्यासाठी जे 'शिसेविरहित' तुलना-नमुने वापरले जात होते, त्यांतही नैसर्गिक पातळीपेक्षा कितीतरी जास्त शिसे होते.