खडीची वाट आणि भात्याचा दंड

‘ग्रॅव्हल रेस’ (खडीच्या वाटेवरील शर्यत) या नावाने हल्ली जी दीर्घ पल्ल्याची सायकल-शर्यत नावारूपास आली आहे, ती अगदी ताज्या काळाची निपज होय असा पुष्कळांचा समज असतो. परंतु सायकलीच्या इतिहासाचे जुने दप्तर उलगडले असता असे दिसून येते की, सडकांवर डांबर पडण्यापूर्वी लांब पल्ल्याची शर्यत म्हटली की ती धूळ, खडी आणि चिखल यांतूनच व्हावयाची, आणि म्हणूनच तिला निराळे नाव देण्याचे कोणास प्रयोजन वाटले नाही.

१८९१ च्या सप्टेंबरात ‘ल पेती जुर्नाल’ या पत्राच्या प्येर जिफार यांनी पॅरिसहून ब्रेस्त बंदर गाठून परत पॅरिसास येण्याची, सुमारे १२०० किलोमीटरांची शर्यत पुकारली, तेव्हा दोनशेंहून अधिक स्वार तीत उतरले. त्यांतील शार्ल तेराँ हा निद्रेस रजा देऊन एकाहत्तर तास आणि काही मिनिटांत परत आला व पहिला ठरला. त्याच्या पायांच्या बळाइतकीच त्याच्या चाकांचीही वाहवा झाली. कारण धावेवरून सुटे करून दुरुस्त करता येतील असे मिशलँ बंधूंचे नवे हवेचे टायर त्याने चढविले होते. वाटेत मोडलेले ज्यास वाटेतच सांधता येते तोच मुक्कामी पोहोचतो, हा धडा असा आरंभीच मिळाला.

पुढे १९०३ मध्ये सुरू झालेल्या ‘तूर द फ्रान्स’चे सूत्रधार आंरी देग्रांज यांनी या धड्याचा कडक कायदा केला: स्वाराने आपले यंत्र आपणच दुरुस्त करावे, परक्या हाताचे साह्य घेऊ नये. १९१३ साली पिरेनीज पर्वतातील तूरमाले घाट उतरत असता यूजेन क्रिस्तोफ याच्या सायकलीचा पुढचा चिमटा मोडला. सायकल खांद्यावर टाकून, कित्येक किलोमीटर पायपीट करून तो सेंत-मारी-द-काँपाँ या खेड्यातील लोहारशाळेत पोहोचला. तो मूळचा कुलपे करणारा कारागीर. लोखंड तापविणे, ठोकणे, सांधणे हे सारे त्याने स्वहस्ते केले, आणि शर्यतीचे अंमलदार, हुकुमाचा भंग होतो की काय हे पाहत, शेजारी उभे राहिले. परंतु एका हातात तापले लोखंड व दुसऱ्यात हातोडा धरलेल्या माणसाने भाता कोणत्या हाताने ओढावा? तो तेथल्या एका पोराने ओढला. या कसुराबद्दल क्रिस्तोफवर दहा मिनिटांचा दंड बसला, आणि तो दंड पुढे तीन मिनिटांवर आला. पण या खटाटोपात त्याचे सुमारे चार तास आणि जिंकण्याची आशा ही दोन्ही आधीच गेली होती.

पुढे सडका गुळगुळीत झाल्या, स्वारांच्या मागून सुटी चाके आणि मिस्त्री वाहणाऱ्या मोटारी धावू लागल्या, आणि तो जुना शिरस्ता सैलावला. त्याचे एक ठळक पुनरुज्जीवन अमेरिकेच्या कॅन्सस संस्थानात झाले. तेथील फ्लिंट हिल्स या मुलखात मातीच्या पातळ थराखाली गारगोटीचा खडक असल्याने नांगराची मात्रा चालली नाही. गवताळ माळ तसाच राहिला आणि रस्तेही पुष्कळसे खडीचेच राहिले. २००६ साली एम्पोरिया गावाभोवती चौतीस स्वारांनी दोनशे मैलांची जी शर्यत केली, तीच आजची ‘अनबाउंड’ होय. नांगरास हरविणारी तीच गारगोटी येथे टायर चिरते. ठरलेल्या ठाण्यांखेरीज वाटेत मदत नाही. म्हणून ट्यूब, ठिगळे, पंप, साखळीचे दुवे हे सारे ज्याचे त्याने वाहावयाचे. २०२३ मध्ये चिखलाने चाके जाम झाली तेव्हा स्वारांनी सायकली खांद्यावर घेतल्या. क्रिस्तोफने तूरमालेखाली घेतली होती, तशाच.

तेव्हा अशा शर्यतीचा मनोदय धरणाऱ्या वाचकास एकच सांगणे: पाय कमावणे चालूच ठेवावे, परंतु त्याआधी, रात्रीच्या अंधारात, कोणाच्या मदतीवाचून, स्वतःचे पंक्चर स्वतः काढावयास शिकावे.