लवणासुराच्या गावी

लोणारला जायचे ठरले ते एका भांडणामुळे. भांडण माझी आत्या आणि माझा थोरला मुलगा यांचे. आत्या ऐंशीच्या घरातली, मुलगा अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला. धाकटीला आत्या रोज रात्री गोष्ट सांगते. त्या रात्री लवणासुराची गोष्ट रंगात आली होती आणि थोरल्याने मध्येच तोंड घातले, "आजी, ते तळं उल्का पडून झालंय. राक्षसबिक्षस काही नव्हता तिथे."

आत्याने गोष्ट तिथेच थांबवली. पांघरूण ओढून ती भिंतीकडे तोंड करून निजली. धाकटीचा चेहरा रडवेला झाला. थोड्या वेळाने ती माझ्यापाशी आली आणि हळूच म्हणाली, "बाबा, मग आजी खोटं सांगत होती का?"

या प्रश्नाला बसल्या जागी उत्तर देण्याची माझी छाती नव्हती. होय म्हणावे तर आत्या गेली, नाही म्हणावे तर मुलाचे शिक्षण गेले! मी म्हटले, "शनिवार-रविवार सुट्टी आहे. आपण सगळेच जाऊन पाहून येऊ." सौभाग्यवतींनी दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बांधली, आणि शनिवारी पहाटे आम्ही छत्रपती संभाजीनगरहून निघालो.

जालना मागे टाकून सिंदखेडराजाला पहिला मुक्काम केला तो चहापुरता. पण जिजाऊंच्या जन्मगावी नुसता चहा पिऊन पुढे जाणे कोणाला जमले आहे? लखुजीराव जाधवांच्या वाड्याच्या भव्य दरवाजापाशी थांबलो, वाकून नमस्कार केला, आणि मग गाडी लोणारच्या रस्त्याला लागली.

लोणारची मोठी गंमत अशी, की जवळ जाईपर्यंत तळ्याचा पत्ता लागत नाही. दोन्ही बाजूंना कपाशी, सोयाबीन, तूर. जमीन सपाट, क्षितिजापर्यंत मोकळी. मग एकाएकी जरासा चढ लागतो. चार पावले टाकून त्या चढाच्या माथ्यावर यावे, तो पुढची जमीनच नाहीशी झालेली! पायांखाली एक प्रचंड गोल खळगा. त्याच्या उतारांवर गर्द झाडी आणि तळाशी हिरवट, निश्चल पाण्याची थाळी. काठापासून काठापर्यंत हा खळगा सुमारे 1.8 किलोमीटर रुंद आहे, आणि तळ्याचे पाणी काठापासून सुमारे 137 मीटर खाली आहे. आत येणारे पाणी आहे, पण बाहेर जायला वाट नाही. आलेले पाणी उन्हाने उडून जायचे आणि त्यातले क्षार मागे राहायचे, असा व्यवहार हजारो वर्षे चालला आहे. म्हणून ते पाणी खारट आणि सोड्यासारखे क्षारयुक्त झाले.

धाकटी बराच वेळ काही बोलली नाही. मग आत्याचा पदर ओढून म्हणाली, "आजी, इथेच राहायचा का तो?" आत्याचा राग तिथेच विरघळला. काठावरच्या एका दगडावर बसून तिने अर्धी राहिलेली गोष्ट पुरी केली.

गोष्ट थोडक्यात अशी. लवणासुर नावाचा दैत्य जमिनीखालच्या गुहेत राहून आसपासच्या लोकांना आणि देवांनाही छळत असे. त्याने बिळाच्या तोंडावर असे झाकण घातले होते, की ते कोणाला सापडेना. शेवटी विष्णूने देखण्या तरुणाचे रूप घेतले, दैत्याच्या दोन बहिणींना बोलते केले, आणि त्यांच्याकडून जागा कळताच पायाच्या अंगठ्याने ते झाकण उडवले. झाकण दूर जाऊन पडले, त्याची टेकडी झाली. दैत्य मारला गेला. त्याच्या रक्ताचे पाणी झाले आणि मांसाचे मीठ. विष्णूचे नाव पडले दैत्यसूदन.

त्या दैत्यसूदनाचे देऊळ गावातच आहे. संध्याकाळी आम्ही तिकडे गेलो. बाराव्या-तेराव्या शतकांतले, आपण ज्याला सरसकट हेमाडपंती म्हणतो त्या धाटणीचे हे मंदिर आहे. तारकाकृती विधान, म्हणजे भिंती सरळ न जाता चांदणीच्या कोनांसारख्या आतबाहेर वळत जातात. त्यामुळे मावळतीचे ऊन प्रत्येक कोनावर निराळे पडते. गाभाऱ्यात लवणासुराला पायाखाली घालून उभा असलेला विष्णू. मंडपात मान वर करून पाहिले, तर छताच्या दगडातही तोच वध कोरलेला. आत्याने थोरल्याकडे पाहिले, पण ती काही बोलली नाही. न बोलण्यातही काही माणसांचे वक्तृत्व असते!

हे गाव यादवांच्या काळी चांगलेच नांदते होते. लीळाचरित्रात चक्रधरस्वामींच्या लोणारच्या मुक्कामाच्या आठवणी आहेत, आणि देवगिरीचा यादव राजा कान्हरदेव त्यांच्या भेटीला आल्याचा प्रसंगही आहे. मराठी गद्याच्या अगदी पहिल्या मोठ्या ग्रंथात या गावाचे नाव यावे, हा लोणारचा लहान मान नव्हे. पुढे सोळाव्या शतकाच्या अखेरीस अकबराच्या दरबारातील अबुल फझलने ऐन-इ-अकबरीत वऱ्हाडच्या वर्णनात लोणारची नोंद केली. ब्राह्मण या क्षेत्राला विष्णुगया म्हणतात, हे त्याने टिपले. पण त्याहून अधिक लक्ष दिले ते इथल्या क्षारांकडे. काच आणि साबण करायला लागणारे जिन्नस इथे मिळतात आणि त्यांच्यावरचा कर सरकारला चांगला येतो, हे त्याने लिहून ठेवले आहे. उन्हाळ्यात पाणी उतरले, की काठावर क्षाराचा थर धरे. तो खरवडून, वाळवून, प्रतीप्रमाणे वेगळा करीत. दल्ला, पापडी, भुस्की अशी त्याच्या प्रकारांची नावे. दैत्याचे मांस म्हणून ज्याची कथा झाली, त्यावर कित्येक पिढ्यांची चूल पेटली.

रविवारी सकाळी धारेवर गेलो. खळग्याच्या काठालाच गोमुखातून एक झरा बारमाही पडतो, आणि त्याचे पाणी गोड! खाली क्षारांचे तळे आणि वर ही गोड धार. ज्याने हे पहिल्यांदा पाहिले असेल त्याने इथे हात जोडले नसते तरच नवल. आत्या पायऱ्यांवर बसली. उतरून चढणे तिला झेपणार नव्हते. "मी इथं बसते," ती थोरल्याला म्हणाली, "तू कमळजेला माझा नमस्कार सांग. सांगशील ना?" थोरला "हो" म्हणाला. चार दिवसांतले त्यांचे हे पहिले सरळ बोलणे.

झाडीतून उतरणारी पाऊलवाट दगडांची आणि पाचोळ्याची. मोरांचा आवाज येत होता, मोर दिसले नाहीत. वाटेत आणि तळ्याकाठी जुनी देवळे भेटत जातात: रामगया, वाघ महादेव, मोर महादेव. कोणाचा कळस गेलेला, कोणाच्या गाभाऱ्यात वटवाघळे, कोणाच्या भिंतीतून वडाची मुळे बाहेर आलेली. कमळजादेवीचे देऊळ मात्र जागते आहे. नवरात्रात इथे यात्रा भरते आणि एरवी सुन्या असलेल्या या काठावर माणूस मावत नाही. थोरल्याने चप्पल काढून देवीला नमस्कार केला. आत्याचा निरोप त्याने मनात सांगितला की नाही ते मी विचारले नाही.

देवळाजवळ एक विहीर आहे, तिला सासू-सुनेची विहीर म्हणतात. एका बाजूचे पाणी गोड आणि दुसऱ्या बाजूचे खारट, म्हणून हे नाव. तळ्याचे पाणी चढले की ती बुडते. आम्ही गेलो तेव्हा ती पाण्याखालीच होती, त्यामुळे सासू कुठल्या बाजूची हा आमच्या घरातला वाद अनिर्णित राहिला. वर आल्यावर आत्याने मात्र त्याचा तत्काळ निकाल लावला: "ज्या बाजूला पाणी ओढणारी उभी असेल, ती बाजू गोड."

धारेवर बसून दशम्या खाताना थोरल्याची पाळी आली, आणि मला कबूल केले पाहिजे, त्याने आपली गोष्ट आत्याच्या तोडीस तोड सांगितली. 1823 मध्ये अलेक्झांडर नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने हे तळे पाहिले आणि युरोपी विद्वानांचे लक्ष इकडे वळले. पण शहाण्यांची फसगत झाली ती दगडामुळे. सारे दख्खनचे पठार साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या ज्वालामुखींच्या लाव्ह्याचे, बसाल्टचे. त्या पठारात एक गोल खळगा सापडला, तर तो ज्वालामुखीचाच असणार असे वाटणे साहजिक होते. एकोणिसाव्या शतकातले भूशास्त्रज्ञ त्याला जमिनीखालच्या वायूंचा स्फोट म्हणत राहिले. 1896 मध्ये गिल्बर्ट या अमेरिकन भूशास्त्रज्ञाला अ‍ॅरिझोनातल्या एका विवराशी लोणारचे साम्य जाणवले. पण गंमत पाहा, अ‍ॅरिझोनाचे ते विवरही वाफेच्या स्फोटाने झाले, असाच निष्कर्ष त्याने काढला होता. ते उल्केचे होते, हे पुढे सिद्ध झाले. साम्य अचूक आणि उत्तर चुकीचे!

लोणारचा निकाल लागला 1973 मध्ये. तळाशी भोके पाडून काढलेल्या दगडांत चुरडलेला बसाल्ट आणि मॅस्केलिनाइट नावाची काच सापडली. ही काच वितळून होत नाही. खडकाला अतिप्रचंड धक्का बसला, म्हणजे त्यातल्या फेल्डस्पार खनिजाची जागच्या जागी काच होते. असा धक्का ज्वालामुखीला देता येत नाही, तो आकाशातूनच यावा लागतो. बसाल्टमध्ये झालेली इतकी सुस्थितीतली विवरे पृथ्वीवर दुर्मीळ आहेत. चंद्रावरच्या विवरांचा अभ्यास करणाऱ्यांना म्हणूनच लोणारचे अगत्य.

"आणि हे कधी झालं?" आत्याने विचारले.

थोरला थोडा अडखळला. एका पद्धतीने मोजले तर सुमारे 52 हजार वर्षे येतात. 2011 मध्ये दुसऱ्या पद्धतीने मोजले, तर सुमारे 5 लाख 70 हजार आली.

"म्हणजे तुमच्यातही पाठभेद आहेत," आत्या समाधानाने म्हणाली.

पण थोरल्याने हार मानली नाही. त्याने तिला हात धरून काठाच्या एका उघड्या कड्यापाशी नेले. इतरत्र जमिनीवर चटईसारखे आडवे पसरलेले लाव्ह्याचे थर इथे काठाशी उचलले गेले आहेत. जोराने ढकललेल्या पुस्तकाची पाने उभी राहावीत तसे बाहेरच्या बाजूला कललेले. खळग्याचा काठ भोवतालच्या जमिनीपेक्षा सुमारे वीस मीटर उंच आहे तो यामुळेच. आतला दगड उडाला आणि एक किलोमीटरहून अधिक अंतरापर्यंत चोहीकडे जाऊन पडला.

आत्या बराच वेळ त्या थरांकडे पाहत होती. मग म्हणाली, "झाकण उडालं, असंच ना हे?"

"हो," थोरला म्हणाला. आणि जरा थांबून, "पण त्याची टेकडी नाही झाली, आजी. आपण त्याच्यावरच उभे आहोत. गाव त्याच्या आधाराने वसलंय."

मला वाटते, धाकटीच्या प्रश्नाचे उत्तर मला त्या कड्यापाशी मिळाले. आमच्या पूर्वजांना उल्का ठाऊक होती, मॅस्केलिनाइट ठाऊक होते, असा पोकळ अभिमान मी सांगणार नाही. त्यांना ते ठाऊक नव्हते. पण त्यांचे डोळे उघडे होते. हा खळगा पाण्याने कोरलेला नाही, इथे काहीतरी उडाले आहे, वरून कोणाचा तरी घाव बसला आहे, आणि हे पाणी इतर पाण्यासारखे नाही, हे त्यांनी पाहिले. जे पाहिले त्याला त्यांच्यापाशी असलेल्या शब्दांत त्यांनी सांगितले. पाहणे खरे होते, सांगणे कथेचे होते. पुढच्यांनी हातात भिंग घेऊन तेच पुन्हा पाहिले, दीडशे वर्षे चुकले आणि मग सुधारले. खोटे कोणीच बोलले नाही.

परतीच्या वाटेवर अंबर तळ्याजवळच्या निजलेल्या मारुतीचे दर्शन घेतले. त्या मूर्तीचा दगड चुंबकीय असल्याचे सांगतात. ते ऐकून आत्या आणि थोरला दोघेही एकाच वेळी पुढे सरकले. एक नमस्काराला, दुसरा खिशातली किल्ली लावून पाहायला. पुजाऱ्याने किल्ली आत ठेवायला लावली.

एक गोष्ट मात्र मनाला लागून राहिली. 2020 च्या जून महिन्यात हे तळे अचानक गुलाबी झाले तेव्हा देशभर बोलबाला झाला. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने तपासून सांगितले, की खारट पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांचा तो रंग. त्याच वर्षी नोव्हेंबरात रामसर यादीत लोणारचे नाव आले. मान मोठा आहे. पण या तळ्याचा जीव त्याच्या खारेपणात आहे. गावाचे सांडपाणी आणि गोडे पाणी त्यात बेसुमार उतरू लागले, तर तो खारेपणाच जाईल. याच्या जतनाचा प्रश्न उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापर्यंत गेला. इतर गावांत तळे गोड राहावे म्हणून झटावे लागते, इथे खारट राहावे म्हणून!

रात्री घरी पोचलो. अंथरुणावर पडल्या पडल्या धाकटी म्हणाली, "आजी, गोष्ट."

आत्याने सुरुवात केली, "एक होता लवणासुर…" आणि मग जरा थांबून, पलीकडच्या खोलीकडे पाहत मोठ्याने म्हणाली, "अरे, त्या काचेचं नाव काय म्हणालास?"