दिनविशेष : २२ मे
२०१५ : समलिंगी विवाहाला आयर्लंडचा जनकौल

देशव्यापी सार्वमत घेऊन समलिंगी विवाहाचा हक्क देणारा आयर्लंड जगातला पहिला देश. तोही कोणता, तर १९९३पर्यंत समलिंगी संबंध गुन्हा मानणारा कॅथलिक आयर्लंड! बिशपांनी उघड विरोध केला. पण प्रश्न चर्चमधल्या विधीचा नसून नागरी विवाहाचा आहे, हा समर्थकांचा मुद्दा लोकांना पटला. ६२ टक्के मते बाजूने पडली. ४३पैकी एकाच मतदारसंघाने नकार दिला. तेव्हाचे आरोग्यमंत्री लिओ वराडकर यांनी त्याच वर्षी जानेवारीत, आपण समलिंगी असल्याचे रेडिओवर सांगितले होते. त्यांच्या वडिलांचे मूळ गाव मालवण तालुक्यातले वराड. २०१७मध्ये लिओ पंतप्रधान झाले. विवाहाचा कायदा १६ नोव्हेंबर २०१५ रोजी लागू झाला.