लाखोळीचा दाणा आणि विषाचे मोजमाप

भंडारा जिल्ह्यात लाखोळीचे पीक स्वतंत्र शेतात क्वचितच घेतले जाते. ते धानाच्या मागोमाग, धानाच्याच बांधीत येते. पावसाळा संपून बांधीतले पाणी ओसरू लागले की, धान उभे असतानाच ओल्या चिखलात लाखोळीचे बी फेकले जाते आणि धान कापून नेल्यावर खुंटांमधून वर आलेले हे रोप नांगरट, खत वा पाणी यांपैकी कशाचीही अपेक्षा न ठेवता, जमिनीत उरलेल्या ओलीवर दाणा धरते. या पद्धतीला उतेरा म्हणतात. वैनगंगेच्या खोऱ्यातील या प्रदेशात मालगुजारी तलावांचे जाळे मोठे असले, तरी त्या तलावांचे पाणी मुख्यतः धानासाठी खर्ची पडते. त्यामुळे धानानंतर ज्या जमिनीला काहीच मिळायचे नाही, तिच्यातून डाळ, कोवळ्या पाल्याची भाजी आणि जनावरांसाठी भुसा काढणारे हे पीक गरिबाच्या हिशेबात फुकटाचे ठरत आले. लाख, लाखोरी, लाखोळी ही त्याची इकडची नावे. हिंदी मुलखात तेच तिवडा किंवा खेसारी होते आणि वनस्पतिशास्त्रात लॅथिरस सॅटिव्हस.

याच दाण्याच्या नावावर एक रोग नोंदलेला आहे. लॅथिरिझम हे नाव त्याला १८७३ मध्ये नेपल्सच्या कांतानी या वैद्याने दिले; परंतु मध्य हिंदुस्थानातील त्याचे वर्णन त्याआधीचे असून, विल्यम स्लीमन यांनी १८४४ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात सागर भागातील खेड्यांत गहू बुडाल्यानंतर तिवड्यावर जगलेली तरुण माणसे कंबरेखाली कशी लुळी पडली, हे नोंदवले आहे. पुढे १८९६-९७ आणि १८९९-१९०० या दोन दुष्काळांनी मध्य प्रांत होरपळला, तेव्हा मेजर अँड्र्यू ब्यूकॅनन यांनी १८९६ ते १९०२ या काळातील या रोगाचा स्वतंत्र अहवाल सिद्ध केला. भंडारा जिल्हाही तेव्हा याच प्रांतात होता. रोगाची रीत सर्वत्र सारखीच दिसते: अवर्षणात इतर पिके जातात, लाखोळी तेवढी तगते, मग जेवणात तीच मुख्य अन्न होते आणि दोन-तीन महिन्यांत पायांचे स्नायू ताठरून माणूस काठीच्या आधाराने, गुडघे एकमेकांवर घासत चालू लागतो, हे पांगळेपण बहुधा पुन्हा बरे होत नाही. रेवा संस्थानात सालदारांना मजुरीच या धान्यात दिली जात असे, त्यामुळे तेथे रोगाने मूळ धरले. तेव्हा दोष एकट्या दाण्याचा म्हणणे अपुरे ठरते. ताटात दुसरे काहीच नसण्याचाही तो दोष होता.

अन्नभेसळ प्रतिबंधक कायदा १९५४ मध्ये झाला आणि त्याखालील नियमांत खेसारी, तिची डाळ, पीठ आणि हरभऱ्याच्या डाळीतील तिचे मिश्रण यांच्या विक्रीला मनाई करणारे कलम आले. मात्र ही मनाई कोणत्या तारखेपासून लागू करायची, हे प्रत्येक राज्याने ठरवायचे होते. महाराष्ट्राने १९६१ मध्ये ती लागू केली, शेजारच्या मध्य प्रदेशाने केली नाही. परिणामी जो दाणा बालाघाटच्या बाजारात उघडपणे विकता येत होता, तोच भंडाऱ्याच्या बाजारात आला की गुन्ह्याचा विषय होई. पेरणी अर्थातच थांबली नाही. दाणा तुरीच्या वा हरभऱ्याच्या डाळीत आणि बेसनात मिसळून खपू लागला आणि बंदी घातल्यामुळेच तो ओळखण्याची गरज निर्माण झाली.

ओळखीची पहिली साधने साधी होती. अख्खा दाणा तिरकस, चौकोनी, एका बाजूने कुऱ्हाडीच्या पात्यासारखा उतरता असतो, त्यामुळे सुपात पसरलेल्या डाळीतून तो डोळ्यांनीच वेचता येतो. पीठ झाल्यावर डोळा निरुपयोगी ठरतो. तेथे विरल हायड्रोक्लोरिक आम्ल घालून पीठ मंद आचेच्या पाण्यावर सुमारे पंधरा मिनिटे ठेवण्याची आणि गुलाबी रंग येतो का, ते पाहण्याची चाचणी रूढ झाली. या चाचणीची अडचण अशी की, बेसनाला पिवळेपणा आणण्यासाठी घातला जाणारा मेटॅनिल यलो हा वर्ज्य रंगही आम्लात गुलाबी होतो. दुसरी अडचण अधिक मूलभूत आहे: गुलाबी रंग दाण्याच्या अस्तित्वाची साक्ष देतो, त्यातील विषाची देत नाही.

विष कोणते, हे तर बंदीच्या वेळी ठाऊकच नव्हते. १९६३-६४ मध्ये बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील राव, अडिगा व शर्मा यांनी आणि दिल्लीत मूर्ती, शेषाद्री व वेंकिटसुब्रमण्यन यांनी लाखोळीतून एक अमिनो आम्ल वेगळे केले. त्याचे संक्षिप्त नाव ओडॅप. मेंदू आणि मज्जारज्जू यांत संदेश वाहणाऱ्या ग्लुटामेटशी त्याचे रूप जुळत असल्याने ते चेतापेशींना अखंड चेतवत राहते आणि त्यातच हालचालीच्या पेशी मरतात. हे द्रव्य पाण्यात विरघळते. त्यामुळे डाळ गरम पाण्यात भिजवून ते पाणी फेकून दिल्यास विषाचा मोठा भाग निघून जातो, हे हैदराबादच्या संशोधकांनी १९६६ मध्ये दाखवले. कायद्याने मात्र या माहितीची दखल घेतली नाही.

विष मोजण्याची सोपी पद्धत १९७८ मध्ये आली, आणि येथून या इतिहासात प्रकाश शिरतो. ऑर्थो-थॅल्डिहाइड हे रसायन बहुतेक अमिनो आम्लांशी संयोग पावून निळी प्रतिदीप्ती देते. प्रतिदीप्ती म्हणजे एका रंगाचा प्रकाश शोषून दुसऱ्या रंगाचा प्रकाश बाहेर टाकण्याचा गुण. राव यांच्या ध्यानात आले की, ओडॅपचे अल्कलीत उकळून विघटन केल्यावर उरणारे आम्ल याच रसायनाशी ठळक पिवळा रंग देते, आणि त्या रंगाची गडदता मोजली की विषाचे प्रमाण कळते. दाण्याची जात ओळखणे आणि दाण्यातले विष मोजणे यांतला फरक या पद्धतीने व्यवहारात आणला. पुढे कमी विषाचे वाण निवडणाऱ्या पैदासकारांनी हीच पद्धत वापरली.

अतिसूक्ष्म दीप्त पदार्थांचे आजचे संवेदक याच वाटेवरचे पुढचे पाऊल होत. काही नॅनोमीटर आकाराच्या स्फटिककणाचा रंग त्याच्या आकारावर ठरतो, हे एकिमोव्ह आणि ब्रस यांनी १९८० च्या दशकात वेगवेगळे दाखवले, बावेंडी यांनी १९९३ मध्ये असे कण एकसारख्या आकारात बनवण्याची रीत दिली, आणि या तिघांना २०२३ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. काजळीच्या शुद्धीकरणात २००४ मध्ये योगायोगाने सापडलेले कार्बनचे दीप्त कण त्यांहून स्वस्त निघाले. अशा कणांवर धातूचा आयन बसवून दीप्ती विझवता येते, आणि तो आयन ओढून नेणारा पदार्थ नमुन्यात असल्यास ती पुन्हा उजळते. कीडनाशके, पारा यांसारखे दूषित घटक शोधण्याच्या अनेक रचना या विझण्या-उजळण्यावर उभ्या आहेत. डाळीच्या अर्कात मात्र ओडॅपसोबत त्याची अनेक निरुपद्रवी भावंडे असतात, म्हणून नेमके तेच ओळखणे हा जुना प्रश्न नव्या कणांपुढेही तसाच उभा राहतो. अतिशय कमी प्रमाण दाखवणे हे या साधनांचे खरे बळ. पण लाखोळीत विष मुळातच सहज मोजता येईल इतके असते, त्यामुळे येथे अडले ते साधनाच्या संवेदनशीलतेपाशी नव्हे, कायद्यापाशी.

बंदीविरुद्ध विदर्भात दीर्घकाळ चळवळ चालली, नागपूरचे डॉ. शांतिलाल कोठारी तिचे प्रमुख नाव. येथे लाखोळी भाताबरोबर, पूरक म्हणून खाल्ली जाते, एकमेव अन्न म्हणून नव्हे, हा चळवळीचा मुख्य मुद्दा होता आणि तो रोगाच्या इतिहासाशी सुसंगत आहे, जरी दुष्काळी वर्षांचा धोका त्याने पुसला जात नाही. महाराष्ट्राने २००८ मध्ये बंदी उठवली. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पुढाकाराने नेमलेल्या समितीने रतन, प्रतीक आणि महातिवडा या कमी विषाच्या वाणांना अनुकूलता दर्शवल्याचे २०१६ मध्ये जाहीर झाले. देशपातळीवरील २०११ च्या अन्नसुरक्षा विनियमांत मात्र जुनेच कलम जवळजवळ शब्दशः उतरले आहे. त्यात खेसारीचे नाव आहे, तिच्या डाळीचे आहे, पिठाचे आहे, मिश्रणाचे आहे, ओडॅपच्या प्रमाणाचा आकडा नाही.