शर्यतीचे पंच आणि तांबडी मोटार



मोटारींच्या शर्यतींसारखा विषय एका निवृत्त शाळामास्तरानें कां निवडावा, असा प्रश्न आपल्यापैकीं कित्येकांच्या मनांत आला असेल. परंतु ज्यानें आयुष्यभर मुलांचे पेपर तपासले, त्याला पंचाच्या निःपक्षपातीपणाइतका जिव्हाळ्याचा प्रश्न दुसरा नाहीं. एखाद्या हुशार मुलाला अर्धा गुण वाढवून मिळाला कीं मागच्या बांकावरून कुजबूज सुरू होते. आणि ती कुजबूज खरी कीं खोटी, हें ठरविणें मुलांनाच काय, पण मुख्याध्यापकांनाहि अवघड जातें. अशीच एक कुजबूज युरोपांत गेलीं पन्नास वर्षें तरी चालू आहे. 'फॉर्म्युला वन' नांवाच्या जगप्रसिद्ध शर्यतींचे नियम करणारी व निकाल देणारी संस्था म्हणजे आंतरराष्ट्रीय मोटार महासंघ. ही संस्था इटलीच्या फेरारी संघाला झुकतें माप देते, असा तो आरोप आहे. महासंघाच्या नांवाचीं जीं तीन रोमन आद्याक्षरें आहेत, त्यांचा अर्थ विरोधक थट्टेनें 'फेरारीचें आंतरराष्ट्रीय साहाय्य' असा लावीत आले आहेत. थट्टा सोडून या आरोपांत तथ्य किती, हें आज पाहावयाचें आहे.

प्रथम वादी-प्रतिवादींची थोडी ओळख करून घेऊं. महासंघाचा जन्म १९०४ सालीं पॅरिस येथें निरनिराळ्या देशांच्या मोटार-क्लबांची संघटना म्हणून झाला. दुसऱ्या महायुद्धानंतर त्यानें आजचें नांव धारण केलें आणि १९५० सालीं मोटार-चालकांची जागतिक स्पर्धा सुरू केली. एन्झो फेरारी या गृहस्थांनीं आपला संघ १९२९ सालीं मोदेना गांवीं स्थापिला. आरंभीं ते दुसऱ्याच कारखान्याच्या मोटारी पळवीत. स्वतःच्या नांवाची मोटार त्यांनीं १९४७ सालीं बाहेर काढली. गंमत अशी कीं, १३ मे १९५० रोजीं इंग्लंडांत सिल्व्हरस्टोन येथें जागतिक स्पर्धेची पहिली शर्यत झाली, तिला फेरारी संघ हजरच नव्हता. आठ दिवसांनीं मोनॅको येथें तो उतरला; आणि त्यानंतर एकहि हंगाम त्यानें चुकविला नाहीं. असा दुसरा संघ नाहीं. पुष्कळ मोठमोठे कारखाने आले, पैसा ओतून गेले, कांहीं परत आले. तांबडी मोटार मात्र ठरलेल्या जागीं उभी. जिच्यावांचून उत्सवाला शोभा नाहीं अशी ही पाहुणी; तेव्हां यजमान तिच्याशीं कसे वागतात, इकडे इतरांचे डोळे लागलेले असावेत यांत नवल नाहीं.

आरोपाला खरी धार चढली ती १९७६ सालीं. त्या वर्षींचा सामना ऑस्ट्रियाचा निकी लाउडा आणि इंग्लंडचा जेम्स हंट यांच्यांत होता. लाउडा फेरारीचा, हंट मॅक्लारेनचा. मे महिन्यांत स्पेनमध्यें हंट पहिला आला. परंतु त्याची मोटार नियमापेक्षां १.८ सेंटिमीटरांनीं रुंद भरली आणि त्याला बाद करून जय लाउडाच्या पदरांत घालण्यांत आला. अपिलांत जुलै महिन्यांत तो निकाल फिरला व हंटचा जय हंटला परत मिळाला. पुढें त्याच महिन्यांत इंग्लंडांतील ब्रँड्स हॅच येथें पहिल्याच वळणावर दोन फेरारी गाड्या एकमेकींवर घासल्या, मागून येणारा हंट त्या गोंधळांत सांपडला आणि शर्यत थांबवावी लागली. दुसऱ्यांदा सुरुवात झाली तेव्हां हंट जिंकला. फेरारीनें हरकत घेतली कीं, शर्यत थांबली त्या क्षणीं हंट ती फेरी पुरी करीत नव्हता, सबब त्याला पुन्हां उतरण्याचा अधिकारच नव्हता. सप्टेंबरांत पॅरिसहून निकाल आला: हंट बाद, लाउडा विजयी. तत्पूर्वीं मोंझा येथें, म्हणजे फेरारीच्या अंगणांतच, हंटच्या मोटारींतील पेट्रोलाचा ऑक्टेन-अंक मर्यादेबाहेर असल्याचें सांगून त्याला रांगेच्या शेवटीं उभें करण्यांत आलें होतें.

एका हंगामांत तीन प्रसंग, आणि तिन्ही वेळां हरकतीचा लाभ प्रतिपक्षाला! इंग्लंडांतील वर्तमानपत्रें खवळलीं असल्यास त्यांना दोष देववत नाहीं. पण जरा थांबा. त्या तीन प्रसंगांपैकीं स्पेनचा निकाल महासंघाच्याच अपील न्यायालयानें हंटच्या बाजूनें फिरविला, ही गोष्ट आरोप करणारे हळूच गिळून टाकतात. शिवाय ब्रँड्स हॅचचा निकाल नियमाच्या अक्षराला धरून होता. प्रेक्षकांचा आरडाओरडा ऐकून हंटला तेथें उतरूं देणें हीच मुळांत सवलत होती. आणि त्या वर्षाचा शेवट काय? १ ऑगस्ट रोजीं नुर्बुर्गरिंग येथें लाउडाची मोटार पेटली, तो मरणाच्या दारांतून परत आला, अवघ्या सहा आठवड्यांनीं भाजलेल्या तोंडानें मोंझाला पुन्हां शर्यतींत बसला. आणि शेवटीं जपानमध्यें धो धो पावसांत 'जिवापेक्षां करंडक मोठा नव्हे' असें ठरवून त्यानें दोन फेऱ्यांतच गाडी थांबविली. हंटला ६९ गुण, लाउडाला ६८. एका गुणानें अजिंक्यपद गेलें तें फेरारीचेंच.

त्यानंतरचा काळ राजकारणाचा. १९८० च्या सुमारास महासंघाच्या क्रीडा-विभागाचे अध्यक्ष बालेस्त्र हे फ्रेंच गृहस्थ एका बाजूस आणि बर्नी एकल्स्टन यांच्या नेतृत्वाखालील, बहुतांशीं इंग्रज, संघ दुसऱ्या बाजूस, असें उघड युद्ध जुंपलें. फेरारी संघ महासंघाच्या पक्षांत राहिला. १९८१ च्या मार्चांत 'कॉन्कॉर्ड करार' होऊन तह झाला खरा, परंतु पुढच्याच वर्षीं पुन्हां ठिणगी पडली. कांहीं संघांनीं ब्रेक थंड करण्याच्या मिषानें मोटारींत पाण्याच्या टाक्या बसविल्या होत्या. शर्यत सुरू होतांच पाणी सोडून द्यावयाचें, हलक्या मोटारीनें पळावयाचें, आणि शेवटीं वजन होण्यापूर्वीं टाकी पुन्हां भरावयाची! आमच्या गवळ्यानें ही युक्ति ऐकली तर तो हात जोडील. ब्राझीलच्या शर्यतींत अशा पहिल्या दोन मोटारी फेरारी व रेनॉ यांच्या तक्रारीवरून बाद झाल्या आणि निषेध म्हणून इंग्रज संघांपैकीं बहुतेकांनीं इमोलाच्या शर्यतीवर बहिष्कार घातला. तेथें केवळ १४ मोटारी धांवल्या. पक्षपाताचा हाच पुरावा, असें त्या काळीं म्हणत. परंतु ब्राझीलचा जय मिळाला तो रेनॉच्या प्रोस्टला, फेरारीला नव्हे. आणि त्याच वसंतऋतूंत अमेरिकेंतील लाँग बीच येथें फेरारीनें एकाशेजारीं एक असे दोन पंख मोटारीच्या मागें लावून नियमाला बगल दिली, तेव्हां तिसरा आलेला तिचा चालक व्हिलनव्ह यालाहि तितक्याच तत्परतेनें बाद करण्यांत आलें.

मात्र या काळांत एक गोष्ट अशी घडली कीं, तिच्यापुढें वरील सर्व निकाल मला क्षुल्लक वाटतात. फेरारीला तांत्रिक नियमांच्या बाबतींत नकाराधिकार मिळाला. बहुतेक प्रतिस्पर्धी इंग्लंडांत एकमेकांच्या शेजारीं वसलेले आणि विकतचें एंजिन बसविणारे. फेरारी एकटी मारानेल्लो गांवीं गाडी व एंजिन दोन्ही घडविणारी. इतरांनीं संगनमत करून नियम बदलले तर तिनें काय करावें, ही त्यामागची भूमिका. भूमिका समजण्याजोगी आहे. पण ज्या वर्गांत एका विद्यार्थ्याला 'हा प्रश्न मला चालणार नाहीं' असें परीक्षकाला सांगण्याचा लेखी अधिकार आहे, त्या वर्गाची परीक्षा कसली?

हा अधिकार सर्वसामान्यांच्या कानांवर ठळकपणें आला तो २००९ सालीं. तेव्हांचे अध्यक्ष मॅक्स मोस्ली यांनीं प्रत्येक संघाच्या खर्चावर ४ कोटि पौंडांची मर्यादा घालण्याचें ठरविलें. फेरारीनें पॅरिसच्या न्यायालयांत धांव घेऊन आपला नकाराधिकार पुढें केला. न्यायालयानें मनाईहुकूम देण्याचें नाकारलें. परंतु लौकरच आठ संघांनीं वेगळी स्पर्धा काढण्याची धमकी दिली, मर्यादा बारगळली आणि मोस्ली यांनीं पुन्हां निवडणुकीस उभें न राहण्याचें मान्य केलें. २०१५ सालीं लहान संघांना विकावयाच्या एंजिनाच्या किंमतीस कमाल मर्यादा घालण्याची सूचना आली; ती फेरारीनें नकाराधिकार वापरून हाणून पाडली, आणि हें खुद्द महासंघानेंच जाहीर केलें. येथें तर्ककुतर्काचें कारणच उरलें नाहीं. फेरारीला स्पर्धेच्या उत्पन्नांतून मिळणारी खास रक्कम हाहि असाच उघड मामला आहे. फक्त तो पैसा महासंघ देत नसून व्यापारी हक्क धारण करणारी कंपनी देते, हा भेद बोलण्याच्या ओघांत पुष्कळजण विसरतात.

निकालांकडे पुन्हां वळूं. १९९९ सालीं मलेशियांत फेरारीच्या दोन मोटारी पहिल्या व दुसऱ्या आल्या. बाजूच्या फळ्यांचें माप १० मिलिमीटरांनीं चुकल्याचें आढळून दोन्ही बाद झाल्या. क्षणभर अजिंक्यपद मॅक्लारेनच्या हॅकिनेनचें झालें. आठवड्याच्या आंत पॅरिसच्या अपील न्यायालयानें तीच फळी पुन्हां मोजली आणि ती ५ मिलिमीटरांच्या सवलतीच्या आंत बसते असा निर्णय देऊन दोन्ही मोटारींना त्यांचीं स्थानें परत केलीं. शेवटची शर्यत चुरशीची होणार, तिकिटें खपणार, हा योग पाहून लोक हंसले. तीहि शर्यत हॅकिनेननें जिंकली व चालकांचें पद त्यालाच मिळालें. परंतु कारखान्यांचें पद फेरारीला १२८ विरुद्ध १२४ गुणांनीं लाभलें. आणि मलेशियाचे १६ गुण वजा केले तर तें मिळालें नसतें, हें गणित चौथीचा मुलगाहि करील. २००३ चा प्रसंग याहून बोलका आहे. हंगेरीच्या शर्यतींत फेरारीचा शूमाकर आठवा आला, तोहि एक फेरी मागें पडून. लगेच प्रतिस्पर्ध्यांचे मिशेलिन टायर झिजल्यावर २७० मिलिमीटरांहून रुंद होतात अशी तक्रार झाली, आणि महासंघानें टायर मोजण्याची रीत हंगाम संपत आला असतां बदलली. उरलेल्या तिन्ही शर्यती फेरारीनें जिंकल्या आणि शूमाकर ९३ विरुद्ध ९१ गुणांनीं अजिंक्य ठरला. नियम तोच, मोजण्याची वेळ निराळी! माझ्या मतें सर्व फिर्यादींत हीच सर्वांत वजनदार.

पण त्याच २००३ सालीं, फेरारीचें वर्चस्व कमी व्हावें व चुरस टिकावी म्हणून, दुसऱ्या क्रमांकाचे गुण ६ वरून ८ करण्यांत आले होते. आणि २००५ सालीं एकाच टायर-संचावर संपूर्ण शर्यत काढण्याचा नियम आला तेव्हां फेरारीची इतकी दैना झाली कीं, वर्षांत एकच जय हातीं लागला. तोहि इंडियानापोलिसचा, जेथें मिशेलिनचे टायर धोक्याचे ठरल्यामुळें १४ मोटारी आरंभींच बाहेर पडल्या आणि अवघ्या सहा धांवल्या. त्या सहांत आपला नारायण कार्तिकेयन चौथा आला, एवढीच आपल्या दृष्टीनें त्या दिवसाची गोड आठवण. पुढें २००८ सालीं बेल्जियममध्यें हॅमिल्टनला २५ सेकंदांचा दंड होऊन जय फेरारीच्या मासाला मिळाला. तरी हंगामाअखेर मासा एका गुणानें हरलाच. फेरारीचे माजी व्यवस्थापक जाँ तोत २००९ च्या ऑक्टोबरांत १३५ विरुद्ध ४९ मतांनीं महासंघाचे अध्यक्ष झाले, तेव्हां तर विरोधकांनीं कपाळाला हात लावला. त्यांची कारकीर्द २०२१ पर्यंत चालली. त्या बारा वर्षांत फेरारीला ना चालकांचें पद मिळालें, ना कारखान्यांचें.

तेव्हां निकालांच्या यादीवरून पक्षपात सिद्ध करूं पाहणाराला मी तरी पुरे गुण देणार नाहीं. त्यानें सोयीचीं उदाहरणें वेंचलेलीं असतात. ज्याला पक्षपात शोधावयाचा असेल त्यानें निकालांपेक्षां करारांचीं कलमें वाचावींत. मात्र तीं वाचावयास मिळालीं पाहिजेत, आणि खरी अडचण तेथेंच आहे.

२०१९ सालीं फेरारीचें एंजिन सरळ रस्त्यावर इतकें धांवूं लागलें कीं, तासाला १०० किलोग्रॅम इंधनाची जी मर्यादा तेव्हां होती ती मोजणाऱ्या यंत्राला कांहीं युक्तीनें चकविलें जात असावें, असा संशय बळावला. महासंघानें चौकशी केली. २८ फेब्रुवारी २०२० रोजीं त्यानें एक लहानसें निवेदन काढलें: फेरारीशीं तडजोड झाली आहे, तिचा तपशील उभय पक्षांतच राहील. फेरारीचें एंजिन न वापरणाऱ्या सातहि संघांनीं ४ मार्च रोजीं एकत्र येऊन या गुप्ततेवर आश्चर्य व खेद व्यक्त केला आणि सर्व हकीकत उघड करण्याची मागणी केली. दुसऱ्या दिवशीं महासंघाचें उत्तर आलें कीं, आमचें पूर्ण समाधान झालें नव्हतें, पण निर्विवाद पुरावा देणें शक्य नव्हतें. आणि अशी तडजोड करण्याचा अधिकार आमच्या नियमांतच आहे. त्या वर्षीं फेरारीचें एंजिन एकाएकीं मंद पडलें आणि संघ सहाव्या स्थानावर घसरला. १९८० नंतर इतकी वाईट स्थिति त्याची झाली नव्हती. सात संघांच्या पत्रानंतर दहा दिवसांच्या आंत महामारीमुळें मेलबर्नची शर्यत रद्द झाली, जो तो घरीं परतला, आणि तो तडजोडीचा कागद पॅरिसच्या कपाटांतच राहिला.