बेगल : उकळून भाजलेल्या पावाचा इतिहास

पाव म्हणजे आंबविलेलें पीठ भट्टींत भाजून केलेला पदार्थ, एवढीच आपली सामान्य समजूत असते. परंतु पोलंडांतील ज्यू लोकांचा बेगल भट्टींत जाण्यापूर्वीं उकळत्या पाण्यांतून काढावा लागतो. दिसावयास तो आपल्या कडबोळ्याचा थोरला भाऊच. पण त्याचा इतिहास कडबोळ्याहून अधिक गुंतागुंतीचा आहे.

१६८३ सालीं व्हिएन्नाचा वेढा उठविणाऱ्या पोलंडच्या सोबिएस्की राजाच्या सन्मानार्थ एका पाववाल्यानें रिकिबीच्या आकाराचा पाव केला, तोच पहिला बेगल, अशी आख्यायिका आहे. कथा मनोरम खरी. परंतु क्राकोव्ह येथील ज्यू समाजाच्या १६१० सालच्या नियमांतच अपत्यजन्माच्या प्रसंगीं बेगलचा उल्लेख येतो. तेव्हां राजाच्या विजयापूर्वीं ७३ वर्षें हा पाव लोकांच्या परिचयाचा होता हें उघड आहे.

कृति साधी दिसते, पण सोपी नाहीं. अर्धा किलो चिवट मैदा, सुमारें २८० ग्रॅम पाणी, १० ग्रॅम मीठ, थोडें यीस्ट व जवाचा माल्ट यांचें पीठ घट्ट मळावयाचें, त्याचीं कडीं वळावयाचीं, आणि तीं रात्रभर थंड जागीं ठेवावयाचीं. सकाळीं प्रत्येक कडें उकळत्या पाण्यांत दोन्ही बाजूंनीं अर्धा-अर्धा मिनिट ठेवून सुमारें २३० अंश उष्णतेवर भाजतात. उकळीनें वरचें पिष्ट शिजून त्याचें कवच बनतें आणि तें पावास फारसें फुगूं देत नाहीं. बेगलची तकाकी व चिवटपणा यांचें मर्म तें हेंच.

निर्वासित ज्यूंबरोबर ही विद्या न्यूयॉर्कला गेली. तेथें तळघरांतील भट्ट्यांवर चौघांचा जथ्था राबे : दोघे कडीं वळत, एक उकळी, एक भाजी. त्यांच्या 'लोकल ३३८' या संघाचे सुमारें ३०० सभासद होते, व प्रवेश बहुधा सभासदांच्या मुलांस व आप्तांसच मिळे. १९५१ च्या डिसेंबरांत त्यांनीं काम थांबविलें, तेव्हां त्या महानगरांत बेगल दुर्मिळ झाला. एवढें त्यांच्या हातांचें सामर्थ्य होतें.

परंतु डॅनियल थॉम्प्सन यानें बेगल वळणारें यंत्र सिद्ध केलें, आणि १९६३ सालीं न्यू हेवनच्या लेंडर यांच्या कारखान्यानें तें भाड्यानें घेतलें. यंत्रास मऊ पीठ मानवतें. पुढें अनेक कारखान्यांत उकळीच्या जागीं वाफ आली. बेगल स्वस्त झाला, देशभर पोंचला, पण फुगीर व मऊही झाला. १९७० नंतर थोड्याच वर्षांत संघाचें स्वतंत्र अस्तित्व संपलें.

यांत केवळ यंत्रास दोष देणें आम्हांस न्याय्य वाटत नाहीं. ज्या गांवीं बेगल कधीं दिसला नव्हता तेथें तो यंत्रानेंच नेला. संघानें विद्या घरांतच राखिली ती पोटासाठीं, हेंही विसरतां येत नाहीं. तथापि मोजक्या हातांत कोंडलेली विद्या त्या हातांबरोबरच दुबळी होते. आज कित्येक घरांत हौसेनें बेगल वळले व उकळले जातात, यांत आम्हांस समाधान वाटतें तें यासाठींच. पीठ मळतांना मनगट भरून आलें, म्हणजे त्या तळघरांतील रात्रींची किंमत थोडीबहुत तरी कळते.